पत्ता हरवलेले स्फटिक : राहुरीची विहीर आणि दख्खनचा कॅल्साइट

#थ्रेड

एकविसावे शतक उजाडत होते त्या सुमारास राहुरीजवळच्या मोमीन आखाडा येथे पाण्यासाठी एक विहीर खोदली जात होती. खोदता खोदता कातळात एक पोकळी उघडी पडली आणि तिच्या भिंतींवर गर्द हिरव्या अपोफायलाइटचे गोल गुच्छ दिसले. प्रत्येक गुच्छातले स्फटिक मध्यापासून सर्व दिशांनी बाहेर आलेले, त्यामुळे उजेडात फिरवला की गोळ्याचा एकेक पैलू चमकून विझे. परदेशी संग्राहकांनी त्यांना ‘डिस्को बॉल’ असे काहीसे थिल्लर नाव दिले आणि तेच रूढ झाले.

आज युरोप-अमेरिकेतल्या काचेच्या कपाटांत हे गोळे आहेत. शेजारी बोटभर रुंदीचे एक कार्ड असते. त्यावर खनिजाचे नाव आणि खाली ‘मोमीन आखाडा, राहुरी, अहमदनगर जिल्हा, महाराष्ट्र’ हा पत्ता. मुळा नदीकाठचे राहुरी महाराष्ट्राला साखर कारखाना, मुळा धरण आणि १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांमुळे ठाऊक आहे. खनिजांच्या जगात मात्र ते एका विहिरीमुळे ठाऊक आहे.

त्या कार्डावरचा पत्ता क्षुल्लक वाटतो. तो तिथे असणे ही दख्खनच्या स्फटिकांच्या इतिहासातली तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. त्याआधी जवळजवळ दीडशे वर्षे इथून गेलेल्या असंख्य नमुन्यांच्या कार्डांवर एकच शब्द लिहिला जाई : ‘पूना’.

आधी हे स्फटिक दगडात आले कुठून, ते पाहू.

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. आज उरलेला त्यांचा विस्तार सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर आहे. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे अडकले आणि थराच्या माथ्याकडचा दगड सच्छिद्र झाला. विहीर खोदणाऱ्याला हा फरक कोणत्याही पुस्तकाशिवाय कळतो. वर मुरूम, खाली कठीण काळा पाषाण, आणि मध्येच ठिपक्याठिपक्यांचा, पहारीला लवकर दाद देणारा ‘मांजऱ्या’. मांजऱ्या लागला की पाणी लागण्याची आशा वाढते. ज्या पोकळ्यांतून पाणी वाहते, त्याच पोकळ्यांत स्फटिक वाढतात. म्हणून राहुरीचे स्फटिक विहिरीत सापडावेत यात योगायोग कमी आणि भूशास्त्र अधिक आहे.

हे स्फटिक लाव्ह्याबरोबर जन्मले नाहीत. दगड निवाल्यानंतर कोट्यवधी वर्षे, टप्प्याटप्प्याने, कोमट-उष्ण पाणी त्यातून झिरपत राहिले. त्याने दगडातली सिलिका, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम विरघळवून पोकळ्यांत आणून सोडले. पोकळीला बहुधा प्रथम कॅल्सेडनीचे अस्तर लागते. मग ह्यूलँडाइट, फिकट गुलाबी-केशरी स्टिल्बाइट, अपोफायलाइट अशी वसाहत होते. ही सारी सिलिकेट खनिजे.

त्यांच्या सोबतीला एक कार्बोनेट असते, ते म्हणजे कॅल्साइट. कॅल्शियम बेसॉल्टमधले, कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळलेला. दोघांची गाठ पडली आणि परिस्थिती पालटून पाण्याला ते पेलेनासे झाले की कॅल्साइट साकळू लागतो. तो सर्वांत आधी येतो, सर्वांत शेवटी येतो, आणि काही पोकळ्यांत दोन्ही वेळा येतो. कधी तो येऊन निघूनही जातो. कॅल्सेडनी त्याच्यावर कवच चढवते, पुढे आतला कॅल्साइट विरघळतो आणि त्याच्या आकाराचा रिकामा साचा मागे राहतो.

कॅल्साइट ओळखणे सोपे. चाकूने ओरखडा पडतो. मोहस्‌ने १८१२ साली मांडलेल्या कठिनतेच्या मापनात तो तिसऱ्या क्रमांकाचे प्रमाण आहे. सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफसतो. चुनखडीच्या डोंगरांपासून शिंपल्यांपर्यंत सर्वत्र आढळणारे हे खनिज दुर्मीळ म्हणावे तरी कसे? संग्राहकाचे उत्तर असे की कॅल्साइट सामान्य, पण हा कॅल्साइट सामान्य नाही. सुळ्यासारखा टोकदार, खिळ्याच्या डोक्यासारखा चपटा, मधाच्या रंगाचा, पाण्यासारखा नितळ, असे त्याचे शेकडो आविष्कार. एखाद्या ठिकाणचा आकार दुसरीकडे सापडत नाही. म्हणजे दुर्मीळ असते ते ठिकाण.

(आणि तरीही त्याची उपेक्षाच अधिक. खाली दडलेला झिओलाइट उघडा करण्यासाठी वरचा कॅल्साइट आम्लाने विरघळवून टाकण्याची रीत संग्राहकांत जुनी आहे.)

या पोकळ्यांवर पहिली नजर कोणाची पडली? युरोपीय प्रवाशांच्या फार आधी, याच परिसरातल्या माणसांची. राहुरीच्या शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. बा. पो. बोपर्डीकर यांनी १९५८ साली ते स्थळ उजेडात आणले आणि सा. अ. साळी यांनी १९७५ ते १९७९ या काळात तेथे विस्तृत उत्खनन केले. प्रवरेवरच खाली नेवासे आहे, जिथे ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ मध्ये खोदकाम केले. या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत कॅल्सेडनीची धारदार पाती आणि अकीक-कार्नेलियनचे मणी मिळाले. तांबे थोडे आणि मोलाचे. रोजची कापाकापी दगडी पात्यांनीच होई. तो कच्चा माल बेसॉल्टच्या पोकळ्यांतलाच होता, नदीने सोडवून गोट्यांच्या रूपात किनाऱ्यावर आणलेला.

त्या कारागिराला कॅल्साइटचा उपयोग नव्हता. तो मऊ, धार धरत नाही, ठोकला की तिरकस चौकोनी तुकडे होतात. नेमक्या याच ‘दुर्गुणा’मुळे युरोपात विज्ञानाचे एक दालन उघडले.

कथा आइसलँडची आहे, आणि आइसलँडही दख्खनप्रमाणे बेसॉल्टचाच देश. पूर्व किनाऱ्यावरच्या हेल्गुस्ताडिर येथे बेसॉल्टच्या एका मोठ्या पोकळीत अत्यंत पारदर्शक कॅल्साइट होता. १६६९ साली डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिनने त्याच्या एका तुकड्यातून पाहिले तेव्हा मागची प्रत्येक वस्तू दोनदा दिसली. प्रकाशाचे हे दुहेरी अपवर्तन हायगेन्सने १६९०च्या आपल्या ग्रंथात चिकाटीने सोडवण्याचा प्रयत्न केला. १८०८ साली पॅरिसमध्ये मालूसने अशाच स्फटिकातून समोरच्या राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश पाहिला आणि प्रकाशाच्या ध्रुवणाचा शोध लागला. १८२८ मध्ये एडिंबरोच्या विल्यम निकोलने कॅल्साइटचे दोन तुकडे जोडून लोलक बनवला. पुढे शतकभर दगडांचा सूक्ष्मदर्शकीय अभ्यास त्या लोलकावर चालला.

फ्रेंच धर्मगुरू रने-ज्यूस्त आवी याची गोष्ट तर स्फटिकशास्त्राच्या प्रत्येक वर्गात सांगितली जाते. त्याच्या हातून कॅल्साइटचा एक सुंदर नमुना निसटून फुटला. हळहळताना त्याच्या लक्षात आले की मूळ स्फटिक कोणत्याही आकाराचा असो, तुकडे मात्र त्याच तिरकस चौकोनी ठेवणीचे होतात. स्फटिक एकसारख्या सूक्ष्म घटकांच्या रचनेतून घडतो, हा त्याचा १७८४चा सिद्धान्त तिथून आला असे मानतात. अपोफायलाइट हे नावही त्याचेच, १८०६ चे : तापवल्यावर पापुद्रे सुटणारा.

कॅल्साइटच्या त्या नितळ प्रकाराला सारे जग आजही ‘आइसलँड स्पार’ म्हणते, मग तो मेक्सिकोचा असो की महाराष्ट्राचा. एका छोट्या खाणीचा पत्ता खनिजाच्या नावात कायमचा कोरला गेला. दख्खनच्या वाट्याला हे भाग्य जवळजवळ आले होते.

पेशवाई संपल्यानंतर काही वर्षांनी, १८२४ साली, मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची सांख्यिकी वार्ताहर म्हणून नेमणूक केली. पुणे, अहमदनगर, खानदेश, धारवाड हे जिल्हे त्याने पिंजून काढले. पिके, पक्षी, मासे, पाऊस, लोकसंख्या यांबरोबर दगडांच्याही नोंदी केल्या. दख्खनच्या भूशास्त्रावरचा त्याचा निबंध १८३३ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेपुढे आला. त्यात थरावर थर असलेल्या काळ्या पाषाणाबरोबर त्यातल्या झिओलाइटांचीही दखल आहे.

याच काळात हेन्री जेम्स ब्रूक या इंग्रज स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाती भारतातून आलेले सुईसारखे पांढरे स्फटिक पडले. १८३१ साली त्याने ते नवे खनिज म्हणून जाहीर केले आणि नाव दिले ‘पूनाहलाइट’. पुण्याचे नाव खनिजशास्त्रात गेले, पण टिकले नाही. पुढच्या विश्लेषणांत ते स्वतंत्र खनिज नसून आधीच ज्ञात असलेल्या झिओलाइटचाच प्रकार ठरले आणि नाव बाद झाले.

गंमत अशी की त्याच ब्रूकने १८२२ मध्ये ह्यूलँडाइट हे नाव दिले होते, लंडनमधल्या जॉन हेन्री ह्यूलँड या खनिज-व्यापाऱ्याच्या सन्मानार्थ. ते टिकले. राहुरीच्या पोकळीत स्टिल्बाइटशेजारी बसलेल्या स्फटिकावर आज लंडनच्या एका व्यापाऱ्याचे नाव आहे. विज्ञानाच्या नियमांनुसार यात काहीही गैर नाही, तरी खटकल्याशिवाय राहत नाही.

नंतर आली रेल्वे. खंडाळ्याच्या बोरघाटात लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. पंचवीस बोगदे कातळातून काढावे लागले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये, भारतात आल्यावर थोड्याच काळात मरण पावला; त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले. १८६१ मध्ये घाटावर ४२ हजारांहून अधिक मजूर होते. पटकीने आणि तापाने त्यांतले किती गेले, याचा नीट हिशेब कोणी ठेवला नाही.

एवढा ताजा कातळ दख्खनमध्ये पूर्वी कधी फोडला गेला नव्हता. अपोफायलाइट आणि स्टिल्बाइटचे असे नमुने निघाले की ते थेट लंडनच्या संग्रहालयात पोहोचले. बोरघाटचे अपोफायलाइट आजही जुन्या युरोपीय संग्रहांचे भूषण मानले जातात. ते नमुने ज्यांच्या हातोड्याखाली प्रथम आले, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव कार्डावर नाही. कार्डावर असते ते देणगीदाराचे नाव, आणि ठिकाणाच्या जागी कुठे ‘बोरघाट’, कुठे नुसते ‘पूना’, कुठे तर ‘बॉम्बे’.

असे का व्हावे? एक कारण साधे आहे. नमुना ज्या शहरात विकत मिळाला त्याचेच नाव लिहिले जाई. दुसरे कारण व्यापाराचे. चांगली पोकळी कुठे लागली हे सांगितले की दुसऱ्या दिवशी तिथे स्पर्धक हजर. तेव्हा अस्पष्ट पत्ता ही सावधगिरीच होती. खोटेपणा म्हणावा इतकी ती उघड नव्हती, आणि निष्पाप म्हणावी इतकी भाबडीही नव्हती.

१९७२च्या दुष्काळाने महाराष्ट्राची जमीन वेगळ्याच तऱ्हेने उघडली. लाखो माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली, रस्ते आणि पाझर तलाव झाले, आणि पुढच्या दशकांत विहिरी अधिकाधिक खोल गेल्या. शहरे वाढली तशा पुणे, नाशिक, जळगाव, औरंगाबादच्या आसपास खडीच्या खाणी वाढल्या. आजचा झिओलाइटांचा व्यापार या खाणींच्या आणि विहिरींच्या पोटातूनच उभा राहिला. स्फटिकांसाठी कोणी खाण काढत नाही. खडी काढताना स्फटिक लागतात. खाणीत दगड ब्रासवर मोजतात, म्हणजे शंभर घनफुटांवर. खडीयंत्रात पडलेल्या पोकळीची किंमतही ब्रासच्या भावानेच होते.

१९७४ साली अमेरिकन खनिजशास्त्रज्ञ जॉर्ज रॉसमन यांनी हिरव्या अपोफायलाइटचा रंग व्हॅनेडियममुळे येतो, हे वर्णपटाच्या साहाय्याने दाखवले. महत्त्वाचे संशोधन, आणि शीर्षकात पत्ता? ‘पूना, भारत’. रंगाचे कारण अणूपर्यंत शोधले गेले, पण दगड कोणत्या गावचा हे वाचकाला कळायला मार्ग नाही.

पत्त्याने काय साधते याचे उदाहरण पुण्याजवळच सापडते. कॅव्हन्साइट हे निळेशार, व्हॅनेडियमयुक्त खनिज १९७३ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमधून प्रथम वर्णिले गेले. नमुने बारीक आणि मोजके. पुढे वाघोलीच्या खाणींत त्याचे असे गुच्छ निघाले की जगातला उत्तम कॅव्हन्साइट म्हणजे वाघोली हे समीकरण झाले. इथे ‘पूना’ म्हणून भागले नाही. वाघोली हे नाव सांगितल्यामुळेच त्या खाणीत भूशास्त्रज्ञ गेले, थर पाहिले, खनिज कोणत्या दगडात आणि कशाच्या सोबतीने येते हे नोंदले.

दख्खनच्या खाणी-विहिरींची गाववार पाहणी करून ती सविस्तर छापण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात बर्टहोल्ड ओटेन्स या जर्मन संग्राहकाकडे जाते. २००३ साली अमेरिकेतल्या ‘मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड’ या नियतकालिकात त्यांचा दख्खनच्या खनिजांवरचा दीर्घ लेख आला. महाराष्ट्रातच संग्रह उभा राहिला तो सिन्नरला : के. सी. पांडे या नौदलातून निवृत्त झालेल्या गृहस्थांचे ‘गारगोटी’ संग्रहालय, स्थापना २००१. राहुरीहून ते एका दिवसात पाहून येता येते.

‘दुर्मीळ कार्बोनेट’ शोधायला मात्र राहुरीहून पूर्वेला, बुलढाणा जिल्ह्यात लोणारला जावे लागते. तिथेही दगड दख्खनचाच, पण उल्कापाताने खोल विवर पडलेला. विवरातल्या सरोवराचे पाणी सोडियम कार्बोनेटने खारट. ‘ऐन-ए-अकबरी’त या परिसरात काच आणि साबणाचा कच्चा माल मिळतो अशी नोंद आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर जमणारा खार लोक गोळा करत, आणि त्याच्या प्रतींना दल्ला, खुप्पल, पापडी अशी वेगवेगळी नावे होती. खनिजांचे वर्गीकरण म्हणजे दुसरे काय असते?

त्या सरोवराच्या तळाच्या गाळात संशोधकांना गेलुसाइट सापडले. त्यावरचा शोधनिबंध २०१३ सालचा आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक याच्या नावाचे हे सोडियम-कॅल्शियमचे जलयुक्त कार्बोनेट मोजक्याच क्षार-सरोवरांत तयार होते. उघड्या हवेत हळूहळू त्यातले पाणी उडते आणि स्फटिक निस्तेज होतो. काचेच्या कपाटात मिरवण्याजोगे त्यात काही नाही.

पण ते गाळाच्या कोणत्या खोलीवर आहे याची नोंद होती. पाणी फार आटल्याशिवाय गेलुसाइट बनत नाही. म्हणून ज्या थरांत ते सापडले, ते थर अवर्षणाचे. साधारणतः ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा एक काळ, आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा दुसरा. पहिल्या काळाच्या अखेरीअखेरीस प्रवरेकाठी दायमाबादला माणसे वस्ती करून होती. हेच कण कोणी सुटे करून ‘लोणार’ एवढेच लिहून डबीत ठेवले असते, तर त्यांतला दुष्काळ कोणालाही वाचता आला नसता.

राहुरीच्या कॅल्साइटलाही हेच लागू आहे. तो कोणत्या खोलीवरून आला, कॅल्सेडनीच्या आधी बसला की अपोफायलाइटच्या नंतर, शेजारी काय होते, यावरून दगडातून वाहिलेल्या पाण्याचा क्रम लावता येतो. नमुना पोकळीतून सुटला, धुतला गेला, कागदात गुंडाळला गेला की त्यातला बराचसा क्रम नाहीसा होतो. उरतो तो कार्डावर लिहिला असेल तेवढा.

अनुभवी संग्राहक म्हणूनच जुने कार्ड कधी फेकत नाहीत. नवे लिहिले तरी जुने मागे जोडून ठेवतात. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. आता काही कपाटांत एकाच हिरव्या गोळ्याखाली दोन कार्डे असतील, एकावर जुना जिल्हा, दुसऱ्यावर नवा. मोमीन आखाडा मात्र दोन्हींवर सारखाच.